पाच लिटरचा गुन्हा

माझ्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी काचेची एक मोठी बरणी आहे. तिच्यात मध, पाणी आणि यीस्ट आहे. तोंडाला रबरी बूच, बुचातून निघालेली वाकडीतिकडी पारदर्शक नळी आणि नळीत बोटभर पाणी. दर सात-आठ सेकंदांनी त्या पाण्यातून एक बुडबुडा 'डुब्' करून वर येतो. पहिल्या आठवड्यात या आवाजाने झोपमोड व्हायची. आता तो थांबला की जाग येते.

मी पोलंडमधल्या व्रोत्सवाफ शहरात राहतो. सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. इथे ही बरणी हा छंद आहे. बागकामाच्या दुकानात कुंड्यांच्या शेजारच्या रांगेत ती विकत मिळते. तिला पोलिशमध्ये 'गोंशोर' म्हणतात, म्हणजे हंस. मान लांब आणि पोट मोठं म्हणून असावं. स्वतःच्या घरी, स्वतःच्या पिण्यासाठी, विकायची नसेल तर मधाची, फळांची दारू आंबवायला इथे परवाना लागत नाही. गाळायला मात्र मनाई आहे. भट्टी लावलीत तर पोलीस येतात.

हीच बरणी मी माझ्या गावी, भुदरगड तालुक्यात, आईच्या ओट्यावर ठेवली तर तो गुन्हा आहे. आणि गुन्ह्याच्या वर्गवारीत ती हातभट्टीच्या शेजारी बसते. त्याविरुद्ध मला भांडायचं आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. आपल्याकडे १९४९चा मुंबई दारूबंदी अधिनियम आहे. अलीकडे नाव बदलून महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम झालं, आत बरंचसं तेच आहे. त्यात दारूची व्याख्या अशी की स्पिरिट, वाइन, बिअर, ताडी आणि अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव म्हणजे दारू. कलम १२ सांगतं की परवान्याशिवाय ती बनवायची नाही. बस. किती बनवली, कोणासाठी बनवली, आंबवली की गाळली, हे प्रश्न तिथे येतच नाहीत. आम्ही कोड लिहिणारे याला वाईट डिझाइन म्हणतो: दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाच्या डब्यात कोंबल्या, आणि मग डब्यावर एकच नियम लावला.

आंबवणं आणि गाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एवढं साधं आहे, पण शिकलेल्या मित्रांनाही समजावताना माझी दमछाक होते. आंबवणं म्हणजे यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. इडलीचं पीठ फुगतं तेही असंच, फक्त तिथे पात्रं थोडी वेगळी. यात एक अंगभूत ब्रेक आहे. अल्कोहोल वाढत गेलं की यीस्टलाच ते सोसत नाही. साधारण तेरा-चौदा टक्क्यांना ते थकतं, फार चिवट असलं तर अठराच्या आसपास. त्यापुढे निसर्ग जाऊ देत नाही. गाळणं म्हणजे हा ब्रेक काढून टाकणं. आंबवलेलं तापवायचं, वाफ गोळा करायची, थंड करायची. मग चाळीस, पन्नास, साठ टक्के, काहीही होऊ शकतं. तिथे आग आहे, ज्वलनशील वाफ आहे, तीव्र स्पिरिट आहे. गाळण्यावर कडक नियम हवेत याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

'पण विषारी दारूने माणसं मरतात ना?' हा पुढचा प्रश्न. मरतात. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं मेली. ती मिथेनॉलने मेली. ते मिथेनॉल कोणाच्या बरणीत आंबून तयार झालेलं नव्हतं. ते कारखान्यात वापरायचं रसायन होतं, ते स्वस्तात मिळवून विक्रीच्या दारूत मिसळलेलं होतं. आंबवताना मिथेनॉल तयार होतं ते मुख्यतः फळांच्या सालीगरातल्या पेक्टिनपासून, तेही नगण्य, आणि मधात पेक्टिन जवळपास नसतंच. मधाच्या पाण्यात यीस्ट टाकून तुम्ही मालवणी घडवू शकत नाही, इच्छा असली तरी. मालवणी घडली कारण ज्याला स्वस्त नशा हवी होती त्याच्यापर्यंत पोचणारी साखळी पूर्णपणे अंधारात होती. त्या साखळीत आणि माझ्या ओट्यावरच्या बरणीत कायद्याला फरक दिसत नसेल, तर डोळे कायद्याचे तपासायला हवेत.

आता जरा बरणीबद्दल. मधाची ही दारू म्हणजे मीड. पोलंडमध्ये तिचे चार प्रकार आहेत आणि नावातच कृती आहे. एक भाग मधाला एक भाग पाणी तो 'द्वुइन्याक', दोन भाग पाणी तो 'त्रुइन्याक', तीन भाग पाणी तो 'च्वुर्न्याक'. दोन, तीन, चार हे आकडे ओळखीचे वाटले ना? एक भाग मधाला अर्धाच भाग पाणी तो 'पूउतोराक', दीडवाला. तो सगळ्यात गोड, आणि तो किमान तीन वर्षं मुरवायचा असतो. द्वुइन्याक दोन वर्षं, त्रुइन्याक एक वर्ष, च्वुर्न्याक नऊ महिने. युरोपीय संघाने २००८ मध्ये या पारंपरिक पद्धतींना नावानिशी संरक्षण दिलं. मधाला पोलिशमध्ये जे म्हणतात, त्या शब्दाचं, इंग्रजी 'मीड'चं आणि आपल्या 'मधु'चं मूळ एकच.

(इथे एक गोष्ट उरकून घेतो. 'मद्य हा शब्द मधापासूनच आला, म्हणून हे आपलं वैदिक पेय' असे फॉरवर्ड फिरतात. मद्य हा शब्द 'मद्' धातूपासून येतो, मधाचा त्याच्याशी संबंध नाही. आणि वेदांत मधु आहे म्हणून मला बरणीची परवानगी हवी, असं माझं म्हणणं नाही. वेदांत बरंच काही आहे. मला परवानगी हवी ती एका प्रौढ नागरिकाच्या घरातल्या पाच लिटरसाठी.)

मी त्रुइन्याक करतो. दीड लिटर मध, तीन लिटर पाणी. एकदा उकळून थंड केलेलं पाणी, स्वच्छ धुऊन निर्जंतुक केलेली बरणी, आणि वाइनचं यीस्ट. मधात नायट्रोजन फार कमी असतो, त्यामुळे यीस्ट कुपोषित राहतं आणि सडक्या अंड्यासारखा वास सोडतं. म्हणून त्याला वेगळा खुराक द्यावा लागतो. मूठभर मनुका टाकून भागतं असं लोक सांगतात. भागत नाही. वीस अंशांच्या आत ठेवायचं, पहिले चार-पाच दिवस ढवळायचं, मग हात लावायचा नाही. दीड-दोन महिन्यांनी गाळ तळाशी बसतो, वरचं नितळ नळीने दुसऱ्या बरणीत घ्यायचं. आणि मग वाट बघायची. वर्षभर.

वाट बघणं मला जमत नव्हतं. पहिल्या खेपेला सहाव्या आठवड्यात बुडबुडे थांबले आणि मी खूश होऊन बाटल्या भरल्या. बुडबुडे थांबले होते थंडीमुळे. डिसेंबरात बाटल्या हीटरशेजारी नेऊन ठेवल्या, यीस्ट जागं झालं, आणि एका रात्री तीनच्या सुमारास पहिली बाटली फुटली. पाठोपाठ दुसरी. काचा पडद्यात, चिकट मध गालिच्यावर, आणि खालच्या मजल्यावरच्या बाई दारात गाऊन घालून उभ्या. त्यांना वाटलं गॅस. मी खुणेनेच बरणी दाखवली. त्यांनी आत येऊन वास घेतला, मान हलवली आणि मला फक्त एक शब्द म्हणाल्या: लवकर. म्हणजे, फार लवकर भरलंस. घरमालकाला सांगितलं नाही त्यांनी. पुढच्या खेपेला त्याच बाईंनी मला बाटली कधी भरायची ते शिकवलं.

ही दुसरी खेप वर्षभराने उघडली तेव्हा तिची चव नक्की कशी होती हे लिहायचा प्रयत्न मी दोनदा केला आणि दोनदा खोडला. लिंडनच्या झाडाचा मध होता. गोडी होती, पण मधाची नव्हती. मध निघून गेल्यावर फुलाचा जो वास राहील तो होता. शंभर मिलीच्या ग्लासात तासभर गेला. एवढं थांबून केलेली गोष्ट माणूस घटाघटा पीत नाही. अर्थात हे मी माझ्याबद्दल सांगतोय. जगाबद्दल सांगायला गेलो तर माझी आत्ती मला थांबवेल.

आत्तीने ती बरणी पहिल्यांदा पाहिली व्हिडिओ कॉलवर.

"काय रं ते बुडबुडतंय मागं?"

मी खरं सांगितलं.

"दारू काढायला लागलास व्हय?"

मी म्हणालो, काढत नाही गं, आंबवतोय. वरचं सगळं व्याख्यान दिलं. तिने ऐकून घेतलं आणि फोन आईकडे दिला.

आत्तीची बाजू तुम्हाला माहीत असायला हवी, नाहीतर माझं भांडण एकतर्फी होईल. मामा, म्हणजे तिचे यजमान, दारूने गेले. पंचेचाळिशीत, लिव्हर निकामी होऊन. त्यानंतर काही वर्षांनी तालुक्यातल्या बायकांनी दुकान बंद करायला सह्या गोळा केल्या तेव्हा ती दारोदार फिरली. उभी बाटली की आडवी बाटली, त्या मतदानाला ती रांगेत पहिली होती. दुकान बंद झालं. तिच्यासमोर 'क्राफ्ट' हा शब्द उच्चारायची माझी हिंमत नाही, आणि मीड ही काही दारू नव्हे असला लबाड युक्तिवाद तर मी अजिबात करणार नाही. तेरा टक्के म्हणजे दारू आहे. द्राक्षांची वाइन सुपरमार्केटात ठेवायचा निर्णय २०२२ मध्ये झाला तेव्हा वाइन ही दारू आहे की नाही यावर राज्यभर काथ्याकूट झाला. आहे. पुढे बोला.

पण मामांच्या बाबतीत एक गोष्ट मला लहानपणापासून ठाऊक आहे, आणि ती आत्तीलाही ठाऊक आहे. मामांनी हातभट्टीची कधी घेतली नाही. त्यांना भीती वाटायची. ते जे प्याले ते सगळं, शेवटच्या बाटलीपर्यंत, दुकानातून आणलेलं होतं. त्या दुकानाच्या पाटीवर ठळक अक्षरांत 'सरकारमान्य' लिहिलेलं होतं. प्रत्येक बाटलीवर शुल्क भरल्याची खूण होती. दारूबंदी नावाच्या कायद्याखाली ती दारू मोजून, सील करून, कर घेऊन त्यांना विकली गेली. या कायद्यात पिणाऱ्यालाही परवाना लागतो, एका दिवसाचा देशीसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाचला मिळत आलाय. परवान्यात कारण दिलेलं असतं: प्रकृती राखण्यासाठी. मामांची प्रकृती अशी राखली गेली.

तेव्हा हा कायदा आत्तीसारख्या बायकांच्या बाजूने उभा आहे हे मला मान्य नाही. तो पिण्याला विरोध करत नाही. परवाना न काढता बनवण्याला करतो. त्याचा राग दारूवर नाही, कर न भरलेल्या दारूवर आहे. राज्यघटनेच्या कलम ४७ मध्ये राज्याने नशाबंदीकडे जावं असं सांगितलंय, आणि खजिना दुसरीकडे जायला सांगतो. या दोघांच्या मधे सापडतो तो ज्याच्याकडे परवान्याचे पैसे नाहीत असा माणूस.

याचं सगळ्यात उघडं उदाहरण म्हणजे मोह. मोहाची फुलं वेचणं, साठवणं, वाहून नेणं यावरचे निर्बंध राज्याने २०२१ मध्ये उठवले. छान झालं. पण गडचिरोलीतल्या माणसाने तीच फुलं घरी भिजवून पिढ्यान् पिढ्यांच्या रीतीने दारू केली की तो आरोपी. आता मोहाची दारू गाळतात, त्यामुळे माझी आंबवण्या-गाळण्याची रेघ तिच्या आड येते, हे मला दिसतं. पण शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती, ठरलेल्या मर्यादेत ती करता येते. म्हणजे घरगुती प्रमाण मोजता येतं, कायद्यात लिहिता येतं, आणि तसं केल्याने राज्य बुडत नाही. पुणे-नाशिककडे आता मीडचे परवानाधारक उत्पादक आहेत, लेबलं सुंदर असतात, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त एवढंच बघा: तीच क्रिया भांडवलासह केली की उद्योग, पगारासह केली की छंद, आणि दोन्ही नसताना केली की धाड.

एक गंमत आत्तीच्याच कपाटातली. माझ्या वहिनीचं बाळंतपण तिनेच केलं. सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर दोन-दोन चमचे दशमूलारिष्ट, कोमट पाण्यातून, स्वतःच्या हाताने. बाटली मी वाचली आहे. त्यात अल्कोहोल आहे, आणि ते बाहेरून घातलेलं नाही, आतच तयार झालेलं आहे. आसवं आणि अरिष्टं बनतात कशी? काढा किंवा रस, त्यात गूळ किंवा मध, धायटीची फुलं, आणि भांडं झाकून काही आठवडे ठेवायचं. धायटीच्या फुलांवर रानटी यीस्ट असतं. ही माझीच कृती आहे, फक्त माझ्या बरणीत दहा मुळं नाहीत. हे औषध मेडिकलमध्ये कोणालाही मिळतं. आणि ते असंच आपोआप सुटलेलं नाही. १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बलसारा खटल्यात याच मुंबई दारूबंदी कायद्याची काही कलमं, अल्कोहोल असलेल्या औषधांना आणि प्रसाधनांना लागू होत होती तेवढ्यापुरती, रद्द ठरवली. म्हणजे 'अल्कोहोल असलेला कुठलाही द्रव' ही व्याख्या फार ढगळ आहे, हे सत्तर वर्षांपूर्वीच एकदा सांगून झालंय.

बाहेरच्या जगात ही गाठ सोडवायला काही क्रांती लागली नाही. ब्रिटनने घरी बिअर करायला लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द केला. अमेरिकेत १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने एकट्या प्रौढाला वर्षाला शंभर गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला दोनशे गॅलन बिअर करमुक्त झाली. विक्री बंद, गाळणं बंद. तरी तिथल्या राज्यांना आपापला निर्णय घ्यायचा होता, आणि शेवटची दोन, अलाबामा आणि मिसिसिपी, २०१३ मध्ये राजी झाली. आपल्याकडेही दारू हा राज्याचा विषय आहे. दिल्लीकडे बघायची गरज नाही. विधानसभेत एक दुरुस्ती: घरात, स्वतःसाठी, फक्त आंबवून, गाळून नव्हे, वर्षाला ठरावीक लिटर, विक्री केली तर आजचीच शिक्षा. मर्यादा अमेरिकेसारखी शेकड्यात नको. वर्षाला वीस लिटर ठेवा. दहा ठेवा.

आणि ज्या गावाने बाटली आडवी केली आहे तिथे ही सूट लागू नको. हे मी आत्तीला घाबरून लिहीत नाहीये. अनुसूचित क्षेत्रांत १९९६च्या पेसा कायद्याने मादक पदार्थांवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. तसाच अधिकार या बाबतीत प्रत्येक गावाला असावा. ज्यांच्या घरात याची किंमत मोजली जाते त्यांनीच ठरवावं. मुंबईतल्या मंत्रालयाने ठरवण्यापेक्षा ते बरं.

आमच्या तालुक्यात पाटगाव आहे, सरकारनेच 'मधाचं गाव' म्हणून नाव दिलेलं. सातेरी माश्यांचा मध, जांभळाचा, हिरड्याचा, कारवी फुलली तर कारवीचा. घाटावरच्या ओलसर हवेतला सातेरीचा मध पातळ असतो, त्यात पाणी जास्त. अशा मधाची बाटली जपून ठेवली नाही तर तो बाटलीतच आंबायला लागतो, झाकण उघडलं की फस्स करतो. म्हणजे शुद्ध कायद्याच्या भाषेत बोलायचं तर काही सातेरी माश्या आणि पाटगावची हवा मिळून कलम १२चा भंग करत आल्या आहेत. त्यांच्यावर अजून कारवाई झालेली नाही. मला त्या मधाचा त्रुइन्याक करायचा आहे. लिंडनचा केला, बकव्हीटचा केला, आता मला ज्या झाडांखालून शाळेत गेलो त्यांचा करायचा आहे, आणि तो इथे मध मागवून नाही, तिथे करायचा आहे.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा हे सगळं आत्तीला परत सांगितलं, या वेळी समोरासमोर. मालवणी, यीस्टचा ब्रेक, दशमूलारिष्ट, सगळं. दशमूलारिष्टावर ती हसली. मामांच्या सरकारमान्य बाटल्यांवर गप्प बसली, आणि मग म्हणाली, "ते खरं हाय तुझं." मला वाटलं जिंकलो. ती चकल्या पाडत होती. सोऱ्या थांबवून तिने विचारलं:

"वर्साला धा लिटर म्हणतोस. ते धा लिटर मोजणार कोण? पोलीस येऊन मोजणार न्हाई. घरची बाईच मोजणार. आणि अकरावा काढायला लागला की तिनं काय करायचं?"

ग्रामसभा, मी म्हणालो. मतदान.

"ते गावाचं झालं. मी घरातलं इचारत्ये."

माझी मागणी मी मागे घेतलेली नाही. आजचा कायदाही त्या बाईच्या मदतीला येत नाही. तिच्या घरात अकरावा लिटर दुकानातून येतो, बिलासकट. पण 'आजही कोणी येत नाही' हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नाही, आणि तिच्यासमोर बसून ते उत्तर म्हणून देणं मला जमलं नाही. मी पिठाचा गोळा तिच्याकडे सरकवला. तिने सोऱ्यात भरला.

जाताना तिने पाटगावच्या मधाची एक किलोची बरणी माझ्या बॅगेत घातली. "खायला हाय," ती म्हणाली. "खायलाच."

ती बरणी इथे फडताळात आहे. अजून उघडलेली नाही.